मैत्रिणीचं कर्ज आवरेना, तेव्हा काय करायचं?

(प्रभागसंघाच्या सर्वसाधारण सभेत आर्थिक साक्षरता सत्रात आपल्या सीआरपी ताईंनी केलेलं भाषण. ज्या गटांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी ते इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं.)



दर वेळी मी बचतीवर बोलते, विम्यावर बोलते, पंचसूत्रीवर बोलते. आज विषय वेगळा आहे. आपल्या गटातली एखादी बाई बैठकीला यायची बंद होते. हप्ता थकतो. फोन लागत नाही. मग आपण म्हणतो, "तिचं दिवाळं निघालं गं." आणि विषय तिथेच संपतो. आज मला तिथून पुढे बोलायचंय. दिवाळं निघालं म्हणजे नेमकं काय झालं? कायदा काय म्हणतो? आणि आपण मैत्रिणी म्हणून तिच्यासाठी काय करू शकतो, काय करू शकत नाही?

एका मैत्रिणीचं उदाहरण सांगते. तिच्या परवानगीने सांगते, नाव-गाव सांगणार नाही. कोण असेल, याचा तर्कही लावत बसू नका. अशी बाई आपल्या प्रत्येक गावात आहे.

आधी आकडा काढा

तिला विचारलं, "एकूण कर्ज किती?" ती म्हणाली, "असेल दीड लाखाच्या आसपास." मग आम्ही दोघी जमिनीवर बसलो. डब्यातल्या, गादीखालच्या, देव्हाऱ्यामागच्या सगळ्या चिठ्ठ्या, पासबुकं, हप्त्याची कार्डं काढली. एका वहीत एक-एक ओळ लिहिली.

तीन मायक्रोफायनान्स कंपन्या: बाकी ३२,०००, २६,००० आणि ३८,०००. पतसंस्थेचं नवऱ्याच्या नावावरचं कर्ज, त्याला ही जामीन: ७०,०००. सोनं गहाण: ४५,०००. गावातला सावकार: ५०,०००. आपला गट: १८,०००. किराणा दुकान: ९,०००. खताचं दुकान: ११,५००.

बेरीज झाली २,९९,५००.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मला वाटत होतं त्याच्या दुप्पट." बायांनो, हा आकडा तिला कोणी लपवून ठेवला नव्हता. तो नऊ ठिकाणी विखुरलेला होता, एवढंच. प्रत्येक हप्ता छोटा वाटायचा. पण महिन्याचे हप्ते जोडले तर तीन कंपन्यांचे मिळून ७,३००, पतसंस्थेचे ३,२००, सावकाराचं व्याज ५,००० आणि गटाचे १,५००. झाले १७,०००. घरात मजुरी, दूध आणि नवऱ्याचं काम मिळून सरासरी १४,००० यायचे. अजून पोटात घास गेलेला नाही, तोवरच तीन हजारांचा खड्डा. तो खड्डा बुजवायला दर महिन्याला कुठूनतरी नवीन उसनवारी. हे कोणत्याही बाईच्या काटकसरीने सुटणारं गणित नाही. तिला "जरा खर्च कमी कर" असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ.

म्हणून पहिलं काम, वही. वहीत सात रकाने आखा: कोणाचं कर्ज, त्याचा पत्ता, मूळ रक्कम, आजवर भरले किती, बाकी किती, जामीन कोण, तारण काय. एक रकाना रिकामा राहिला तर तसाच ठेवा, पण अंदाजाने भरू नका. कंपनीकडे, बँकेकडे बाकीचा लेखी उतारा मागा.

आणखी एक. सिबिल, क्रिफ हाय मार्क, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन या चार कंपन्या आपल्या कर्जाची नोंद ठेवतात. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढा. आपल्या आधारकार्डावर दुसऱ्याच कोणी कर्ज उचललंय का, हे त्यात दिसतं. अहवाल काढून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या माणसाकडे जाऊ नका, बँक सखीला सांगा.

भीती कशाची आहे, ते वेगळं काढा

आकडा कळल्यावर दुसरी गोष्ट भीती. ती म्हणाली, "पोलीस येतील, मला धरून नेतील." तिला वसुलीवाल्याने तसंच सांगितलं होतं. आता हे नीट ऐका. पैशाच्या वसुलीच्या दिवाणी हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. हे आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ मध्ये स्पष्ट लिहिलंय. हप्ता थकणं हा गुन्हा नाही.

चेकची गोष्ट मात्र वेगळी. सही केलेला चेक बँकेतून परत गेला तर फौजदारी केस होऊ शकते. नोटीस हातात पडल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावे लागतात. म्हणून चेकची नोटीस आली तर ती उंबऱ्यावर ठेवून द्यायची नाही, त्याच दिवशी वकिलाकडे न्यायची. आणि कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या स्टॅम्पवर सही? कधीच नाही.

दुसरी भीती घरातल्या भांड्याकुंड्यांची. कोर्टाच्या हुकमाने जप्ती आली तरी काही वस्तूंना हात लावता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, रिवाजाप्रमाणे बाईला अंगावरून काढता न येणारा दागिना म्हणजे आपलं मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोट चालवायला लागणारी शेतीची जनावरं आणि बियाणं, शेतकरी राहतो ते घर. हे त्याच संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. पण तुम्ही स्वतःच गहाण ठेवलेली वस्तू यात धरू नका. आणि शेतजमीनही आपोआप सुटते असं समजू नका, ते वकिलाला आधी विचारा.

वसुलीवाला कंपनीचा असला तरी कोर्टाचा माणूस नसतो. त्याला तुमच्या घरातली शेळी सोडून न्यायचा, टीव्ही उचलायचा, दाराला कुलूप लावायचा अधिकार नाही.

कंपनीचे नियम कंपनीलाच दाखवा

रिझर्व्ह बँकेने मायक्रोफायनान्सचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू केले. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे, त्या घराला दिलेलं बिनतारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. त्यात काय आहे?

घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असतील तर नवीन कर्ज द्यायचं नाही. आपल्या मैत्रिणीचं उत्पन्न १४,०००, निम्मं ७,०००. तीन कंपन्यांचेच हप्ते ७,३००. म्हणजे तिसऱ्या कंपनीने कर्ज देताना पाहिलंच नाही, किंवा पाहून डोळे मिटले. कर्ज घेताना बाईने विचार करायला हवा होता, हे खरं. पण देणाऱ्यावरही बंधन होतं, हेही तितकंच खरं.

सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी करायची. बाई लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा त्या जागी आली नाही, तरच घरी जायचं. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना त्रास, थकबाकीदारांची नावं चारचौघांत लावणं, हे सगळं बंद. कर्जाचं कार्ड आपल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायचं. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. कर्जासोबत विमा किंवा आणखी काही घ्यायची सक्ती नाही.

नियम मोडला तर आधी कंपनीला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पतसंस्थेची तक्रार मात्र तिथे जात नाही, ती सहकार निबंधकांकडे. पतसंस्थेकडून "१०१ ची नोटीस" आली, तर तीही टाळायची नाही, तारखेला हजर राहायचं.

सावकाराचा हिशोब

१८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जाचे कागद काढून जाळले. दंगे आजूबाजूच्या गावांत पसरले आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. त्या वेळी कागद सावकाराच्या हातात होता, म्हणून तो जाळावा लागला. आज आपल्याला उलट करायचंय. कागद आपल्याकडे जमवायचाय.

महाराष्ट्राचा सावकारी कायदा २०१४ चा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं हा गुन्हा आहे. परवाना असला तरी शेतकऱ्याला तारण घेऊन वर्षाला ९ टक्के आणि बिनतारण १२ टक्के, एवढाच दर. शेतकरी नसेल तर १५ आणि १८ टक्के. व्याजावर व्याज नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही.

आता आपल्या मैत्रिणीचं बघा. ५०,००० मुद्दल, दर महिना १० टक्के. १२ टक्क्यांच्या दराने वर्षाचं व्याज झालं असतं ६,०००. हा माणूस एका महिन्यात ५,००० नेत होता. १४ महिने नेले, म्हणजे ७०,०००. आणि मुद्दल तसंच उभं. पावती? एकही नाही. पण तिच्या मुलीने शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर तारखा लिहून ठेवल्या होत्या, आणि काही पैसे फोनवरून गेले होते, त्याची नोंद बँकेच्या पासबुकात होती. तेवढं घेऊन तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज दिला. चौकशी सुरू आहे. निकाल लागलेला नाही. पण अर्ज दिल्यापासून त्याने दारात यायचं थांबवलंय. सावकाराने कोणाची जमीन लिहून घेतली असेल, तर ती परत मिळवण्याचा रस्ताही याच कायद्यात आहे, त्याची मुदत निघून जाऊ देऊ नका.

कोर्टाची नादारी म्हणजे काय

आता मुख्य मुद्दा. सगळं करूनही कर्ज फिटत नसेल तर? आपण ज्याला दिवाळं म्हणतो त्याला कोर्टात "नादारी" म्हणतात. आपल्या खेड्यापाड्यांसाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो. २०१६ ला दिवाळखोरीचा नवा कायदा आला. त्यात छोट्या कर्जदाराला नवी सुरुवात देणारं प्रकरण आहे: वर्षाचं उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नको. पण ते प्रकरण सामान्य माणसांसाठी अजून लागूच झालेलं नाही. कोणी एजंट "नव्या कायद्यात सगळं माफ करून देतो, ५,००० द्या" म्हणाला, तर त्याला चहाही पाजू नका.

१९२० च्या कायद्यात कर्ज ५०० रुपयांच्या वर असेल आणि फेडता येत नसेल, तर कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. अर्जात काय लागतं? मी फेडू शकत नाही हे म्हणणं, राहण्याचा पत्ता, सगळ्या देणेकऱ्यांची नावं-पत्ते आणि रकमा, आपल्याकडे असलेली सगळी मालमत्ता आणि ती कोर्टाच्या हवाली करायची तयारी, आणि आधी असा अर्ज केला होता का. बघा, आपण वहीत जे रकाने आखले तेच हे. म्हणून म्हणते, वही नीट झाली की निम्मी तयारी झाली.

कोर्टाने नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते, मघाशी सांगितलेल्या वस्तू सोडून. त्यानंतर कोर्टाच्या परवानगीशिवाय देणेकऱ्याला नवा दावा लावता येत नाही. मालमत्ता विकून जे येईल ते सगळ्यांत वाटतात. पुढे ठरलेल्या मुदतीत सुटकेचा अर्ज करायचा. कोर्टाने सुटका दिली तर उरलेली बहुतेक देणी सुटतात.

आता दुसरी बाजू. ती न सांगता कोणाला कोर्टात पाठवणं म्हणजे फसवणूक.

एक, ही कर्जमाफी नाही. सरकारचं देणं, लबाडीने घेतलेलं कर्ज, कोर्टाने ठरवलेली पोटगी यातून सुटत नाही.

दोन, तारण असलेलं कर्ज वेगळं. सोनं बँकेकडे असेल तर बँक ते विकू शकते.

तीन, सुटका होईपर्यंत ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची उधारी घेतली तरी गुन्हा होतो. कायदा जुना आहे म्हणून रक्कम ५० ची आहे, पण कायदा चालू आहे.

चार, हे आपल्या सगळ्यांसाठी महत्त्वाचं आहे. नादाराची सुटका झाली म्हणून तिचा जामीन सुटत नाही. कलम ४४ तसं सांगतं. संयुक्त हमीच्या गटात सहा जणींनी एकमेकींची हमी घेतली असेल, तर एक सुटली तरी हमीप्रमाणे उरलेल्या पाच बांधलेल्याच राहतात.

आपल्या मैत्रिणीच्या बाबतीत हेच झालं. तिसऱ्या कंपनीच्या गटातल्या पाच जणी तिचा २,७५० चा हप्ता वाटून भरत होत्या, प्रत्येकी ५५०. त्यातली एक विधवा आहे, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तिचे दोन दिवस या ५५० त जायचे. म्हणून नादारीचा अर्ज करायचा की नाही, हा प्रश्न एकट्या मैत्रिणीचा नव्हता.

काय करू नये

अशा वेळी शेजारपाजारचे सल्ले फार मिळतात. "म्हैस भावाच्या नावावर कर." "जागा दिराला लिहून दे, नंतर परत घे." हे अजिबात करायचं नाही. अर्जाआधीच्या दोन वर्षांत फुकट नावावर करून दिलेली मालमत्ता कोर्ट परत ओढू शकतं. शेवटच्या तीन महिन्यांत एकाच देणेकऱ्याला झुकतं माप दिलं, तर तेही रद्द होऊ शकतं. मालमत्ता लपवणं हा गुन्हा आहे. अशी मदत करणारा भाऊ, दीर किंवा आपण मैत्रिणीसुद्धा त्यात ओढल्या जाऊ.

एक कर्ज फेडायला दुसरं काढू नका. मोबाइलच्या ॲपवरून तर नाहीच. आणि मैत्रिणीचं दुःख बघवत नाही म्हणून तुम्ही तुमच्या नावावर कर्ज काढून तिला देऊ नका. बुडणाऱ्याला हात द्यायचा असेल तर आपले पाय काठावर हवेत.

गटाने काय करावं

आता सगळ्यात अवघड भाग. आपला गटही तिचा देणेकरी आहे. १८,००० बाकी. बैठकीत एक ताई म्हणाली, "मी आजारी पोराचं औषध थांबवून हप्ता भरला. तिला का सूट?" हा प्रश्न वाईट नाही, रास्त आहे. गटाचा पैसा कोणा एकीचा नाही. त्यात बँकेचं कर्ज आहे, ते व्याजासकट फेडायचंय. त्यामुळे "जाऊ दे, सोडून देऊ" असं म्हणायचा अधिकार मला नाही, अध्यक्षांना नाही, सचिवांनाही नाही.

त्या गटाने दोन बैठका वाद घातला. मग ठराव केला: हप्ता १,५०० चा ५०० करायचा, मुदत वाढवायची, कर्ज माफ करायचं नाही. नवीन कर्ज फिटेपर्यंत नाही. पण बचत चालू, बैठक चालू, सभासदत्व चालू. ठराव इतिवृत्तात लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. औषधाचा प्रश्न विचारणाऱ्या ताईने पण सही केली. तिच्यासाठी ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून औषधाचे पैसे द्यायचे, असंही त्याच बैठकीत ठरलं. तिचा प्रश्न ऐकला नसता तर तिची अडचणही कळली नसती.

मला विचाराल तर या ठरावात सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती "बैठक चालू". हप्ता थकला की बाई तोंड लपवते. तोंड लपवलं की सावकाराचं फावतं, कारण आता तिला विचारणारं कोणी नाही.

तिच्यासोबत जा

तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने बाईला तिथे मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती हे विचारत नाहीत, बाई असणं पुरेसं आहे. फोन १५१००. पण नंबर देऊन आपलं काम संपत नाही. कोर्टाची पायरी एकटीने चढायला पाय लटपटतात. तिच्यासोबत जा. फाईल तुमच्या हातात धरा, बोलू मात्र तिला द्या. कर्ज तिचं आहे, निर्णय तिचा आहे. वकिलांनी काय सांगितलं ते तिथेच वहीत लिहून घ्या, कारण घाबरलेल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं.

फाईलमध्ये ठेवा: कर्जाची वही, पासबुकं, हप्त्याची कार्डं, सगळ्या नोटिसा लिफाफ्यासकट, ७/१२ आणि ८अ चा उतारा, रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, दवाखान्याची बिलं, सोन्याच्या पावत्या. गटाचं नाव देणेकऱ्यांच्या यादीतून गाळू नका. "आपलाच गट आहे, कशाला लिहायचं" असं चालत नाही. कोर्टात अर्धवट यादी म्हणजे खोटी यादी.

वकिलांनी फाईल बघितली आणि सांगितलं, "आज अर्ज करता येईल. पण तुमच्या पाच मैत्रिणी हमीदार आहेत. आधी देणेकऱ्यांना बोलावून तडजोड करून बघू." एका कंपनीने मुदत वाढवून हप्ता २,४५० चा १,४०० केला. दुसरी २,१०० वर अडून राहिली. तिसरीची तक्रार लोकपालाकडे आहे, पण पाच जणींवर भार पडू नये म्हणून २,७५० ती स्वतः भरते. पतसंस्थेने लोकअदालतीत ३,२०० चे २,००० मान्य केले. सोनं लिलावात जाण्याआधी तिने वकिलांना विचारून, पावती घेऊन ते विकलं. बँकेचं फिटलं, वर ८,००० उरले. तेही वहीत लिहिले.

आता हप्ते किती? १,४००, २,१००, २,७५०, २,००० आणि गटाचे ५००. झाले ८,७५०. आधी १७,००० होते. १४,००० तून ८,७५० गेले की ५,२५० उरतात. पाच माणसांच्या घराला हे कमीच आहेत, आणि दोन दुकानांची उधारी अजून तशीच आहे. मी तुम्हाला "सगळं छान झालं" असं सांगणार नाही. नादारीचा अर्ज लिहून तयार आहे, फाईलमध्ये आहे. पाऊस दगा देईल, नवरा आजारी पडेल, तर तो द्यावा लागेल. पण तो द्यायचा की नाही, हे आता ती डोळे उघडे ठेवून ठरवेल.

एक शेवटची गोष्ट. कर्जाने बाई आतून मोडते. जेवण सोडते, झोपत नाही, "मी नसते तर बरं" असं बोलते. हे बोलणं थट्टेवारी नेऊ नका. तिला त्या रात्री एकटी ठेवू नका. घरात फवारणीचं औषध असेल तर ते दुसरीकडे हलवा. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. मारहाण किंवा धमकी असेल तर ११२ किंवा १८१.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाने एक काम करायचं. बैठकीला सलग दोनदा न आलेल्या सभासदाच्या घरी दोघी जणींनी जायचं. वसुलीला नाही, चहाला. "वही आणलीय, बसू या का?" एवढंच विचारायचं. बाकीचं तीच सांगेल.

जय जिजाऊ, जय सावित्री.